कॅसेट थांबत नसते : जुन्या एक्सपी मशीनच्या डीफ्रॅगचा अनुभव

आता डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या फाइली जोडून सलग लावायचं काम, कोण करत बसतं, असं कुणी म्हणलं तर त्याचं काही चूक नाही. नवीन लॅपटॉपात एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवाली डिस्क असते, विंडोज आपलं आपण काय करायचं ते गुपचूप करून घेतं, आणि ती लाल-निळ्या पट्ट्यांची खिडकी बघून बहुतेकांना कैक वर्षं झाली असतील. मला मात्र गेल्या उन्हाळ्यात बसावं लागलं, ते पण मशीन जरा स्लो वाटतंय म्हणून हौसेनं नाही, चक्क काम अडलं म्हणून.

विट्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग आता सगळं मेमरी कार्डवर होतं, पण एक जुनं काम अजून येत राहतं, मिनीडीव्ही कॅसेटी पेनड्राइव्हवर करून द्यायचं. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली बरीच घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कुणी तामिळनाडूत, कुणी केरळात, कुणी पार उत्तर प्रदेशात जाऊन बसलेलं, आणि ही मंडळी उन्हाळ्यात यात्रेला नाहीतर लग्नाला गावी आली की घरातली कपाटं उघडतात आणि त्यातनं २००४-०५ सालातल्या लग्नाच्या कॅसेटी निघतात. घरात त्या लावायला काही नाही, तेव्हा केलेल्या सीड्या चरे पडून गेलेल्या, मग येतात माझ्याकडं, "दादा, तेवढं मोबाइलवर बघता येईल असं करून द्या की."

हे काम नव्या मशीनवर करायचं म्हणलं तर कटकट आहे. कॅसेटवरचं डिजिटल रेकॉर्डिंग जसंच्या तसं काढायला कॅमेऱ्याला फायरवायर केबल लावावी लागते, तो पोर्ट आताच्या मदरबोर्डवर येत नाही, वेगळं कार्ड घालून ड्रायव्हरशी झगडण्यापेक्षा कोपऱ्यात एक जुना कोअर टू ड्युओ ठेवलाय तो बरा. दोन जीबी रॅम, फायरवायरचं कार्ड, विंडोज एक्सपी आणि व्हिडिओ कापायचं-जोडायचं जुनं प्रीमियर. सी म्हणून ८० जीबीची आयडीई डिस्क, डी म्हणून ५०० जीबीची साटा. इंटरनेटची वायर त्याला लावत नाही, एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला, त्यामुळं हे मशीन बाहेरच्या जगाशी बोलतच नाही, फक्त कॅमेऱ्याशी बोलतं.

तर एका गिऱ्हाइकाची कॅसेट कॅप्चर करून, म्हणजे डी वर उतरवून घेऊन, सहज चालवून बघितली तर मंगलाष्टकात आवाज मध्येच टचकन तुटतोय, चित्र झटका खाऊन पुढं उडी मारतंय. भटजींचं "शुभमंगल सा" आणि पुढं डायरेक्ट वाजंत्री आणि उधळलेल्या अक्षता. वधान गायब. आता लग्नाच्या कॅसेटमध्ये बाकी कुठं पण चालेल, जेवणाच्या पंगतीत दहा झटके बसले तरी कुणी विचारत नाही, पण इथं नाही चालत. कॅप्चर संपल्यावर येणाऱ्या रिपोर्टात ड्रॉप फ्रेमचा, म्हणजे मध्येच गळालेल्या चित्रांचा, आकडा शून्य पाहिजे, तो चांगलाच फुगलेला होता.

माझ्याकडं कामाला पोरगं आहे, ते म्हणलं दादा कॅसेटच गेलीय, वीस वर्षं कपाटात पडलेली, बुरशी आली असणार. तसं असू शकतं, पण कॅसेट खराब असली की चित्रात चौकोनी ठोकळे येतात, आवाज बसतो आणि हेच तेवढ्याच जागी दर वेळेला येतं. इथं चित्र स्वच्छ होतं, फक्त मधल्या फ्रेमा नव्हत्या, टाइमकोड, म्हणजे कॅसेटवरचं फ्रेमगणिक घड्याळ, पण उडी मारत होता. खात्री करायला तीच कॅसेट मागं घेऊन परत कॅप्चर केली. मंगलाष्टकं व्यवस्थित आली आणि झटके यावेळी वरमाईच्या ओटीच्या वेळी! झटक्यांची जागा बदलली म्हणजे कॅसेट निर्दोष, कॅमेरा पण निर्दोष, पाणी मशीनमध्येच मुरतंय.

इथं थोडा हिशोब सांगतो, कारण तो केल्याशिवाय मला पण पटलं नव्हतं. आपल्याकडची पाल सिस्टीम, सेकंदाला २५ फ्रेम. डीव्हीची एक फ्रेम असते १,४४,००० बाइटची. म्हणजे सेकंदाला ३६ लाख बाइट, सोप्या भाषेत ३.६ एमबी, आणि तासाच्या कॅसेटला जवळपास १३ जीबी. आता ही ५०० जीबीची डिस्क एकसलग लिहायला लागली तर आरामात सेकंदाला ७०-८० एमबी लिहिते. म्हणजे गरजेच्या वीसपट. मग ३.६ ला धाप का लागावी?

धाप लागते ती लिहायला नाही, पळापळ करायला. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, त्यात आपल्याला पाहिजे ती जागा हेडखाली, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदाच्या थोडं वर. त्याच्या आधी हेड एका ट्रॅकवरनं दुसऱ्या ट्रॅकवर न्यायला साधारण ९ मिलिसेकंद. म्हणजे एका उडीला १३ मिलिसेकंद धरले तर सेकंदात पंचाहत्तरच्या आसपास उड्या, त्याच्यावर नाही. आता मोकळी जागा जर ३२-३२ केबीच्या फटींमध्ये विखुरलेली असली तर ७५ उड्यांत लिहून झाले फक्त २.४ एमबी. पाहिजेत ३.६. मेमरीतला बफर थोडा वेळ सांभाळून घेतो, मग भरतो, आणि मग फ्रेम पडते. पेनड्राइव्हवरनं फाइल कॉपी करताना हेच झालं असतं तर काही बिघडलं नसतं, कॉपी हळू झाली असती एवढंच, पेनड्राइव्ह थांबतो. कॅसेट थांबत नसते. कॅमेऱ्यात ती फिरतेय, फायरवायरमधनं फ्रेम येतच राहणार, तुम्ही घेतली तर घेतली नाहीतर गेली, परत पाठवायची सोयच त्यात नाही.

हे म्हणजे लग्नाच्या पंगतीसारखं आहे. चाळीस माणसांचं वऱ्हाड आलं आणि चाळीस पाट ओळीनं मोकळे असले तर वाढपी एका दमात वाढून मोकळा, पण तेच चाळीस पाट इथं एक तिथं दोन असे सगळ्या मांडवात विखुरलेले असले तर भाताचं पातेलं घेऊन तो नुसता पळत राहणार.

आता लगेच डीफ्रॅगवर उडी मारायच्या आधी दोन गोष्टी बघून घेतल्या. पहिली, डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डिस्क आणि मेमरीत थेट डेटा जायची सोय. एक्सपीची एक खोड आहे, डिस्कशी बोलताना वारंवार एरर यायला लागले की तो आपोआप एकेक पायरी खाली उतरत शेवटी पीआयओ मोडवर जातो आणि मग सगळं बैलगाडीच्या स्पीडनं चालतं, प्रोसेसर पण त्यातच गुंततो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आयडीई कंट्रोलरखाली प्रायमरी चॅनलच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये करंट ट्रान्सफर मोड बघितला, अल्ट्रा डीएमए मोड ५ होता, म्हणजे तिथं गडबड नाही. कुणाचं जुनं मशीन अचानक हळू पडलं असेल तर हे आधी बघा, डीफ्रॅगनं यातलं काहीच सुटत नाही.

दुसरी गोष्ट डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फोचं जुनं व्हर्जन एक्सपीवर चालतं, त्यात रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी बघायच्या, पहिली म्हणजे खराब निघाले म्हणून बदललेले डिस्कवरचे कप्पे, दुसरी म्हणजे वाचायला त्रास देणारे. दोन्ही शून्य होत्या. हे शून्य नसते, विशेषतः पेंडिंगवाला, तर मी डीफ्रॅगला हातच लावला नसता, कारण डीफ्रॅग म्हणजे डिस्कवरचा ढीगभर डेटा उचलून दुसरीकडं ठेवायचा, ज्या डिस्कचे पाय लटपटायला लागलेत तिला पळायला लावल्यासारखं होतं ते. तिथं पहिलं काम डेटा बाहेर काढायचं. मग डीवर चेकडिस्क पण मारून घेतलं, फाइल सिस्टीममध्येच घोळ असला आणि त्याच्यावरनं फाइली हलवल्या तर घोळ वाढणार.

मग माय कंप्युटर, डी वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, डीफ्रॅगमेंट नाऊ, आणि अॅनालाइज. काय पट्टी आली म्हणून सांगू, लाल, लाल, मध्ये निळ्याच्या बारीक काड्या, परत लाल. पांढरं म्हणजे मोकळं, ते केसाएवढं बारीक कुठं कुठं. पोरगं मागनं बघत होतं, "दादा, हे लाल लाल काय आहे?" म्हणलं हे आपण केलेलं काम आहे. व्ह्यू रिपोर्ट उघडला, डिस्क ४६५ जीबी दाखवतंय, त्यातली मोकळी जेमतेम २२. खाली सगळ्यात जास्त तुकडे झालेल्या फाइलींची यादी येते, त्यात पहिल्या नंबरला आपली ती मंगलाष्टकंवाली कॅसेट, १३ जीबी आणि तुकडे दीड लाखाच्या आसपास! सरासरी काढली तर तुकडा ९० केबीच्या आतला. म्हणजे सरासरीत बघितलं तर डिस्क पुरून उरत होती, म्हणूनच सगळी कॅसेट खराब आली नव्हती, पण जिथं फटी एकदम बारीक लागल्या तिथं हेडची दमछाक झाली आणि तिथं झटका बसला. आता दुसऱ्या वेळी जागा का बदलली ते पण कळलं, दुसऱ्या वेळी फाइल दुसऱ्या फटींत गेली.

एवढे तुकडे झाले कसे? आमच्या धंद्याची रीतच अशी आहे. कॅप्चर करायचं, कापायचं, एक्स्पोर्ट करायचं, गिऱ्हाईक घेऊन गेलं की त्यातलं अर्धं पुसायचं, अर्धं असू दे म्हणून ठेवायचं. प्रीमियर प्रत्येक क्लिपमागं आवाजाच्या पेक फाइली करून ठेवतं, प्रिव्ह्यूच्या रेंडर फाइली वेगळ्या, मध्येच कुणाचे तरी हळदीचे फोटो आणून टाकलेले, आणि एकीकडं रेंडर चालू असताना दुसरीकडं कॅप्चर लावलं की दोन्ही फाइली एकमेकींच्या मध्ये मध्ये लिहिल्या जातात. डिस्क अर्धी मोकळी असते तोवर यातलं काही जाणवत नाही, विंडोजला मोठी मोकळी जागा मिळते आणि ते तिथं लिहितं. डिस्क ९५ टक्के भरली की मग उरतात त्या फक्त फटी.

डीफ्रॅगला पण हात फिरवायला जागा लागते. एक्सपीचं डीफ्रॅग म्हणतं १५ टक्के जागा मोकळी ठेवा, नसली तर काम अर्धवट होईल असं आधीच बजावतं. ४६५ च्या १५ टक्के म्हणजे सत्तर जीबी. कमांड लाइनवर मायनस एफ लावून जबरदस्ती करता येते पण त्याला अर्थ नाही, तुकडे जोडायलाच जागा नसली तर ते बिचारं जोडणार कुठं. मग साफसफाई. रेंडरच्या जुन्या फाइली, पेक फाइली, एकाच लग्नाच्या फायनल, फायनल नवीन, फायनल खरं अशा तीन-तीन कॉप्या, रीसायकल बिन, आणि डीवरचा सिस्टम रिस्टोर बंद केला, डेटाच्या डिस्कवर त्याचा तसा काही उपयोग नव्हता. गिऱ्हाइकांच्या ज्या गोष्टी पुसायच्या नव्हत्या त्या एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केल्या, डीफ्रॅगच्या आधी बॅकअप लागणारच होता, ते पण त्यात उरकलं. इथं एक सांगतो, एक्स्टर्नल डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल ती घेत नाही, डीव्हीच्या हिशोबात १९-२० मिनिटांच्या वरची क्लिप तिथं अडणार, एनटीएफएस करून घ्या.

मग लाइटीचा प्रश्न. उन्हाळ्यात आमच्याकडं संध्याकाळी वळीव आला की पहिल्या गडगडाटाला लाइट जाते. डीफ्रॅग चालू असताना लाइट गेली की सगळं संपलं अशी भीती लोकांना असते, तेवढं काही नसतं. विंडोज आधी तुकडा नव्या जागी कॉपी करतं आणि तो नीट लिहिला गेला की मग फाइलच्या नोंदीत जागा बदलतं, त्यामुळं मध्येच बंद पडलं तरी जुनी जागा सहसा शाबूत असते, एनटीएफएसचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, पण असतं. पण डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये त्या क्षणाला काय पडून आहे ते कुणी बघितलंय, म्हणून यूपीएसची बॅटरी नवीन टाकली आणि मॉनिटर बंद ठेवला, तेवढाच बॅकअप वाढतो. अँटिव्हायरस बंद, स्क्रीनसेव्हर बंद, आणि रात्री दुकान बंद करताना डीफ्रॅगचं बटण दाबलं.

खरं सांगू का, दाबून लगेच निघालो नाही. खुर्ची ओढून बघत बसलो. आमच्या कंप्युटर क्लासमध्ये विंडोज ९८ होतं, त्यातल्या डीफ्रॅगमध्ये शो डिटेल्स केलं की सगळा पडदा रंगीत चौकोनांनी भरायचा आणि एकेक चौकोन इकडचा तिकडं जायचा, गेम बघितल्यासारखी पोरं मागं उभी राहायची, सर ओरडायचे. त्याची एक गंमत अशी की डिस्कवर कुणी काही लिहिलं की ते परत पहिल्यापासनं सुरू व्हायचं, त्यामुळं माउसला पण हात लावू द्यायचे नाहीत. एक्सपीत तेवढी मजा नाही, दोन आडव्या पट्ट्या, वरची आधीची, खालची आत्ताची, खाली टक्का आणि कुठल्या फाइलवर काम चाललंय तिचं नाव. पण डिस्कचा आवाज तोच, आतनं कर्र कट्ट कर्र कट्ट. एसएसडीवाल्या पोरांना हा आवाजच माहीत नाही.

मे महिन्यातलं विटं, पत्र्याचं दुकान, रात्रीसुद्धा आत उकाडा. डिस्कचं टेंपरेचर ४३ वरनं ५० ला गेलं तेव्हा पॉज केलं, कॅबिनेटची बाजूची प्लेट काढली, टेबल फॅन थेट डिस्कवर लावला आणि मग रिझ्यूम. पॉज-रिझ्यूमनं काही नुकसान होत नाही, उगाच घाबरू नका.

सकाळी आलो तर अजून चालूच. त्या दिवशी त्या मशीनवर दुसरं काही केलं नाही, दुपारी कधीतरी संपलं. लाल जवळजवळ गेलेलं, निळं चांगलं पसरलेलं, बघून बरं वाटलं. रिपोर्टात मात्र लिहिलेलं की काही फाइली डीफ्रॅग झाल्या नाहीत, त्यात दोन मोठ्या एव्हीआय, म्हणजे व्हिडिओच्या फाइली. त्यांच्यासाठी कॉन्टिग वापरलं, सिसइंटर्नल्सचं छोटं टूल आहे, मार्क रुसिनोविचनं लिहिलेलं, सगळी डिस्क न हलवता एकाच फाइलवर चालवता येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये मायनस ए लावून तुकडे किती ते बघायचं आणि मग तसंच चालवायचं. एक फाइल एका तुकड्यात आली, दुसरी मोठी होती ती काही शेकड्यांवर अडली.

आणि इथं पट्टी नीट बघताना खरी गोम लक्षात आली. निळं एक झालेलं, पण पांढरं? पांढरं अजून पट्टीभर विखुरलेलंच. आधीपेक्षा जाड झालेलं पण सलग नाही. एक्सपीच्या डीफ्रॅगचं ध्येयच मुळात फाइलींचे तुकडे जोडायचं आहे, मोकळी जागा एका बाजूला गोळा करायचं ते विशेष मनावर घेत नाही. विंडोज ७ पासनं कमांड लाइनच्या डीफ्रॅगला स्लॅश एक्स म्हणून पर्याय आहे, तो मोकळी जागा गोळा करतो, एक्सपीत ते नाही. आणि माझं काम तर नेमकं त्या मोकळ्या जागेवर अडलं होतं! जुन्या फाइली वाचायला हळू लागतायत ही माझी तक्रारच नव्हती, नवीन कॅसेटला लिहायला सलग जागा मिळत नाही ही होती. टेस्ट म्हणून एक कॅसेट लावली, झटके पुष्कळ कमी झाले, पण शून्य नाही. लग्नाच्या कामात कमी झाले म्हणजे झाले असं नसतं.

मग बसून विचार केला की जे ठेवायचं ते सगळं एक्स्टर्नलवर आहेच, मग हे मशीन रात्र रात्र कशाला घासायचं. डी रिकामा करून फॉरमॅट करायचा आणि फाइली परत आणायच्या. रिकाम्या डिस्कवर फाइली एकामागनं एक कॉपी झाल्या की त्या सलगच बसतात, आणि वेळ पण डीफ्रॅगपेक्षा कमी लागतो, कारण हेडला उड्या मारायच्या नसतात, एका डिस्कवर सरळ वाचायचं, दुसऱ्यावर सरळ लिहायचं. फॉरमॅटच्या बटणाला हात धजत नव्हता म्हणून आधी डीफ्रॅगवर भागतंय का बघितलं होतं. आता धजला, पण त्याच्या आधी एक्स्टर्नलवरच्या फाइली एकेक उघडून बघितल्या, नुसतं फोल्डरची साइज जुळली म्हणून विश्वास ठेवला नाही.

फॉरमॅट करताना एकच पार्टिशन न करता दोन केली. पहिलं १२० जीबीचं, फक्त कॅप्चरसाठी. पहिलंच का, तर डिस्कची सुरुवात बाहेरच्या कडेला असते, तिथल्या ट्रॅकवर सेक्टर जास्त बसतात, फिरायचा स्पीड तोच, त्यामुळं एका फेऱ्यात जास्त डेटा हेडखालनं जातो. डिस्कचा स्पीड मोजणाऱ्या एचडी ट्यूनचा ग्राफ काढला की हे दिसतंच, सुरुवातीला रेघ वर असते आणि शेवटाकडं जाता जाता जवळजवळ निम्म्यावर येते. या कॅप्चरवाल्या पार्टिशनला अॅलोकेशन युनिट, म्हणजे फाइलला जागा द्यायचं सगळ्यात लहान माप, नेहमीचं ४ केबी न ठेवता ६४ केबी दिलं. म्हणजे कितीही वाईट विखुरलं तरी फट ६४ केबीपेक्षा बारीक होऊच शकत नाही, आणि ७५ गुणिले ६४ केलं तर ४.८ एमबी, ३.६ च्या वरच. हजारो छोट्या फाइली असतील तिथं हे करू नका, एकेका बारक्या फाइलला ६४ केबी जागा जाते. इथं असतातच चार मोठ्या फाइली. दुसऱ्या पार्टिशनवर जुनी कामं, फोटो, प्रीमियरच्या पेक आणि प्रिव्ह्यू फाइली, ते सगळं तिथं काय गोंधळ घालायचा तो घालू दे.

ती मूळ कॅसेट परत लावली, पूर्ण तास, ड्रॉप फ्रेम शून्य. सावधान अख्खं आलं. मग पडून राहिलेल्या बाकीच्या कॅसेटी पण लावल्या, त्यात एका कॅसेटला ठोकळे आले, ते मात्र खरंच कॅसेटचं होतं, कुठल्या पण मशीनवर तिथंच आले असते.

याच झपाट्यात सी ड्राइव्हला पण हात घातला, तो मात्र किस्सा वेगळा. लोक डीफ्रॅग करतात ते मशीन लवकर चालू व्हावं म्हणून, मी पण म्हणलं बघू. सी वर पट्टीत हिरवं दिसतं ते न हलणारं, त्यात पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी फाइल, विंडोज चालू असताना ती हलवता येत नाही. त्यासाठी सिसइंटर्नल्सचंच पेजडीफ्रॅग आहे, मशीन चालू होताना विंडोज पूर्ण उठायच्या आधी ते काम करून घेतं. हायबरनेशन तसं पण वापरत नव्हतो, ते बंद केल्यावर रॅमएवढी फाइल पण गेली. सगळं निळं, सुंदर. आणि चालू व्हायचा वेळ? काही फरक नाही. घड्याळ लावलं असतं तर थोडाफार निघाला असता, पण बसून जाणवावं असं काही नाही. कारण नंतर लक्षात आलं, एक्सपी हे काम आधीपासनंच करतं, मशीन रिकामं बसलेलं असताना दर काही दिवसांनी बूटला लागणाऱ्या फाइली आपणहून जवळ जवळ लावून ठेवतं. जे आधीच झालेलं ते परत करून काय मिळणार. फरक कशानं पडला, तर स्टार्टअपमधले प्रिंटर, स्कॅनर आणि कधीकाळच्या मोबाइलचे बारा भानगडींचे प्रोग्राम काढल्यावर. त्याला पाच मिनिटं लागली आणि मशीन दणकून चालू व्हायला लागलं.

हे सगळं चाललेलं बघून भाचा आपला लॅपटॉप घेऊन हजर. "मामा, माझा पण करून द्या ना, लय स्लो झालाय." उघडून बघितला तर एसएसडी. म्हणलं अरे याला हेडच नाही, उड्या कोण मारणार? एसएसडीत फाइलचा तुकडा कुठं पण असला तरी वाचायला वेळ साधारण तेवढाच लागतो, वर आतला कंट्रोलर झीज सगळीकडं सारखी व्हावी म्हणून डेटा स्वतःच इकडंतिकडं ठेवत असतो, त्यामुळं विंडोजला जे शेजारी शेजारी दिसतं ते आत शेजारी असेलच असं नाही. उलट फ्लॅश मेमरीवर लिहायचं आयुष्य ठरलेलं असतं, ते उगाच खर्ची पडणार. विंडोज १० मध्ये ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज म्हणून जे आहे ते एसएसडी ओळखतं आणि तिथं मुख्यतः ट्रिम पाठवतं, म्हणजे कुठले ब्लॉक आता लागत नाहीत ते डिस्कला सांगतं, ते आठवड्याला आपोआप होतं. बाहेरचं कुठलं तरी फुकटचं डीफ्रॅग टाकून त्याच्यावर चालवू नको. पटलं नाही त्याला, "करून तर बघू की मामा." टास्क मॅनेजर उघडून दाखवला, ४ जीबी रॅम, ती सगळी भरलेली, ब्राउझरचे टॅब मोजायची सोय नाही. रॅम वाढव म्हणलं, मग गप्प बसला. वाढवलीय का ते अजून कळलं नाही.

आमच्या मशीनचं आता एक ठरून गेलंय. गिऱ्हाइकानं पेनड्राइव्ह घरी लावून बघितला आणि फोनवर ठीक आहे म्हणलं की कॅप्चरचं पार्टिशन क्विक फॉरमॅट, म्हणजे पुढच्या कॅसेटला जागा कोरी करकरीत. कॅप्चर चालू असताना दुसरं रेंडर लावायचं नाही, हे पोराला दोनदा सांगून झालंय आणि एकदा मॉनिटरवर कागद चिकटवून झालाय. त्यामुळं डीफ्रॅगची खिडकी परत उघडायची वेळ आलेली नाही. डिस्कची मला आता काळजी नाही, ती गेली तर दुसरी मिळेल. काळजी आहे ती कॅमेऱ्याची, कॅसेटचं हेड घासत आलंय, हेड साफ करायची कॅसेट कुठं मिळेना झालीय, आणि यात्रेला माणसं येतायत तोवर हे काम काही बंद होत नाही. कुणाकडं चालू कंडिशनमधला मिनीडीव्ही कॅमेरा नुसता पडून असेल तर सांगा, रेकॉर्डिंग नाही झालं तरी चालेल, कॅसेट वाजली पाहिजे.